रोज तीन तास पुस्तक घेऊन बसतो, तरी मार्क मिळत नाहीत: क्लास बदलायच्या आधी हे करून बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा नववीत, सेमी इंग्रजीला, राहायला पुण्यात धायरीला, सकाळची शाळा, संध्याकाळी सहा ते आठ क्लास आणि त्यानंतर जेवून रात्री साडेअकरापर्यंत पुस्तक समोर घेऊन बसलेला. मोबाईलही काढून घेतलाय. तरी सहामाहीला बीजगणितात ४० पैकी १५, भूमितीत १३ आणि विज्ञानाची तीच गत. वडील म्हणतात त्याचं लक्षच नाही, रोज त्यावरून वादावादी होते आणि तुम्ही विचारताय की दहावीच्या आधी क्लास बदलून डेक्कनकडचा एखादा मोठा क्लास लावावा का.

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते, आठवी ते दहावी, बरीच वर्षं झाली, आणि अगदी असाच मुलगा दरवर्षी प्रत्येक वर्गात चार-पाच तरी असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. क्लासचं शेवटी बोलू.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे तो आळशी आहे. दिवसभर शाळा-क्लास करून जो मुलगा रात्री पुन्हा तीन तास बसतो तो आळशी नसतो. त्याची अडचण वेगळी आहे. तो बहुतेक धडा वाचतो, खुणा करतो, वहीतलं उत्तर परत वाचतो, गणिताचं सोडवलेलं उदाहरण बघतो आणि त्याला खरंच वाटतं की आलं. समोर दिसतंय, ओळखीचं वाटतंय, म्हणजे आलं. पेपरात मात्र पुस्तक बंद असतं आणि डोक्यातून बाहेर काढायचं असतं, आणि ते बाहेर काढायचं काम त्याने परीक्षेच्या दिवसापर्यंत एकदाही केलेलं नसतं. त्यामुळे तो घरी आल्यावर म्हणतो "मला सगळं येत होतं पण आठवलं नाही", आणि तो खोटं बोलत नसतो.

यावर चांगला प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने चारही फेऱ्यांत तो वाचला, दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या फेरीत वाचला आणि उरलेल्या तिन्ही फेऱ्यांत न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, त्यांना ८३ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि लिहिणारे ६१ वर होते. आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. तुमच्या मुलाचं तंतोतंत हेच होतंय, रात्री साडेअकराला पुस्तक मिटताना त्याला जे वाटतं ते त्या पाच मिनिटांनंतरचं वाटणं आहे.

मग करायचं काय, तर पुस्तक बंद करून लिहायचं. एवढंच, पण ते कसं ते सांगते कारण नुसतं "आठवून लिही" म्हटलं की मुलं दोन ओळी लिहून सोडून देतात.

माझ्याकडे एक मुलगा होता, नववीतलाच. "कार्य आणि ऊर्जा" धडा झाला का म्हटलं तर म्हणाला झाला, तीनदा वाचला. मी एक कोरा कागद दिला आणि म्हटलं धड्यातलं काहीही, कुठल्याही क्रमाने, दहा मिनिटं लिही. पहिल्या दोन मिनिटांत त्याने कार्याची व्याख्या लिहिली, सूत्र लिहिलं, ऊर्जेचं एकक ज्यूल लिहिलं आणि थांबला. छताकडे बघायला लागला, मग पुस्तकाकडे हात गेला. मी म्हटलं अजून आठ मिनिटं आहेत, बस. मग हळूहळू एक-एक येत गेलं, गतिज ऊर्जा, मग स्थितिज, मग वरून पडणाऱ्या वस्तूचं काहीतरी होतं एवढं आठवलं पण काय ते नाही. दहा मिनिटांनी पुस्तक उघडलं आणि लाल पेनाने, जे राहिलं होतं तेवढंच त्याच कागदावर लिहायला सांगितलं. ऋण कार्य पूर्ण राहिलं होतं, शक्ती राहिली होती, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम अर्धा होता. तो कागद बघून तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, मला वाटलं होतं सगळं येतंय." मग दुसऱ्या दिवशी त्याने फक्त लाल भाग वाचला, वीस मिनिटांत काम झालं, आणि पुन्हा कोरा कागद घेतला. त्या कागदावर लाल अगदी कमी होतं.

यात ती अडून बसलेली आठ मिनिटं फार कामाची असतात. मुलांना वाटतं आठवत नाहीये म्हणजे वेळ वाया चाललाय, पण त्या धडपडीतच ते पक्कं होत असतं. तुम्ही शेजारी असाल तर लगेच सांगून टाकू नका.

दुसरी गोष्ट, हे एकदाच करून भागत नाही. माणूस शिकलेलं किती पटकन विसरतो यावर एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून पुस्तक लिहिलंय, सुरुवातीला भराभर विसरतो आणि मग विसरायचा वेग कमी होतो. म्हणून मी मुलांना सांगते, धडा शिकवला त्याच दिवशी एक कोरा कागद, मग दोन-तीन दिवसांनी एक, मग आठवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक वेळी कमी वेळ लागतो, महिन्यानंतरचा तर दहा मिनिटांत होतो. उलट आपल्याकडे काय होतं, धडा जूनमध्ये होतो आणि त्याच्याकडे परत बघतात ते थेट सहामाहीच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे सगळं नव्याने करावं लागतं. कॅलेंडर भिंतीवर असतंच, त्यावर त्या त्या तारखेला धड्याचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवायचं, वेगळं टाइमटेबल बनवायची गरज नाही. रंगीत टाइमटेबलं मी खूप पाहिलीत, तीन दिवस टिकतात.

आता गणित. इथे कोरा कागद वेगळ्या प्रकारे लागतो. आपल्या बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक भागानंतर सरावसंच असतो आणि प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह, सेमीची मुलं त्याला प्रॅक्टिस सेट आणि प्रॉब्लेम सेट म्हणतात. सरावसंचात सगळी गणितं एकाच पद्धतीची असतात, आत्ताच जे शिकवलं त्यावरची, त्यामुळे कुठलं सूत्र वापरायचं हे मुलाला ठरवावंच लागत नाही, आकडे घालायचे आणि उत्तर काढायचं. पेपरात नेमकं ठरवायलाच लागतं. म्हणून ज्याचे सरावसंच पूर्ण आहेत, वही छान आहे, त्याला पेपरात पंधरा मार्क, हे कोडं नाहीये. तुमचा मुलगा संकीर्ण प्रश्नसंग्रह स्वतः सोडवतो का की क्लासमध्ये फळ्यावरून उतरवून घेतो, हे बघा. वहीत खाडाखोड एकही नसेल तर बहुतेक उतरवलेलं आहे.

घरी करायला सोपं म्हणजे, तीन वेगवेगळ्या प्रकरणांतलं एक-एक गणित चिठ्ठीवर लिहून द्यायचं, प्रकरणाचं नाव न सांगता, आणि सोडवायच्या आधी फक्त एवढं विचारायचं की यात काय दिलंय, काय काढायचंय आणि तू काय वापरणार. उत्तर आलं नाही तरी चालेल. उदाहरणार्थ मोटारसायकल थांबलेली होती, दर सेकंदाला वेग २ मीटर प्रति सेकंदाने वाढत गेला, १० सेकंदांनी वेग किती आणि अंतर किती. गतीची तीन समीकरणं सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण "थांबलेली होती" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य हे वाक्यातून काढता येत नाही आणि मुलं म्हणतात यात एक आकडा कमी दिलाय. (वेग २० मीटर प्रति सेकंद आणि अंतर १०० मीटर.) भूमितीत तर गिव्हन (काय दिलंय) आणि टू प्रूव्ह (काय सिद्ध करायचंय) स्वतःच्या हाताने लिहिणं, आकृती पट्टीने स्वतः काढणं, यावर आठवडाभर भर दिला तरी फरक पडतो, १३ मार्कांवरच्या मुलाचं बहुतेक वेळा तिथेच अडलेलं असतं.

सेमी इंग्रजीचं वेगळं बोलायला हवं. घरात मराठी, इतिहास-भूगोल मराठीत आणि गणित-विज्ञान इंग्रजीत, यात बऱ्याच मुलांचं असं होतं की विषय कळलेला असतो पण प्रश्नाचं वाक्य कळत नाही. मी एकदा वर्गात विज्ञानाचा एक पेपर घेऊन मुलांना उत्तरं न लिहिता फक्त प्रश्न मराठीत सांगायला लावले. डिस्टिंग्विश बिटवीन सगळ्यांना येतं कारण ते नेहमीचं आहे, पण "जस्टिफाय", "डिड्यूस", "विथ रेफरन्स टू" आलं की चांगली चांगली मुलं गप्प. मग ती अंदाजाने त्या धड्यातलं पाठ केलेलं कुठलं तरी उत्तर लिहून येतात आणि पेपर तपासणारा शून्य देतो. हे तुम्ही घरी सहज बघू शकता. त्याला म्हणा, हा धडा मला मराठीत समजावून सांग, मला काही येत नाही असं समज. मराठीत सांगता आला आणि इंग्रजीत लिहिता आला नाही तर अडचण भाषेची आहे, तेव्हा त्याच धड्याचं मराठी माध्यमाचं पुस्तक शेजारी ठेवायचं, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते, आधी मराठीत वाचायचं मग इंग्रजीत. मराठीतही सांगता आला नाही तर मग विषयच कळलेला नाही आणि तिथून सुरुवात करायची. या दोन्हींवर उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि "अभ्यास कर" म्हणून दोन्ही सुटत नाहीत.

आता या रविवारी एक काम करा. सहामाहीच्या तिन्ही उत्तरपत्रिका घ्या (शाळा घरी देत नसेल तर वर्गशिक्षकांना भेटून बघायला मागा, बघू देतात) आणि मुलाला शेजारी बसवून, न रागावता, गेलेला प्रत्येक मार्क कशामुळे गेला ते समासात लिहा. चारच कारणं ठेवा. हे माहीतच नव्हतं. माहीत होतं पण आठवलं नाही. प्रश्न कळला नाही. येत होतं पण चूक झाली किंवा वेळ पुरला नाही. भूमितीत गेलेल्या २७ मार्कांची अशी वाटणी झाली की तुम्हाला आणि वडिलांनाही कळेल की "लक्ष नाही" हे त्यात कुठेच बसत नाही. "आठवलं नाही" जास्त असेल तर वर सांगितलेला कोरा कागद. "चूक झाली" जास्त असेल तर घड्याळ लावून पेपर सोडवायचा सराव, कारण पुढच्या वर्षी बोर्डाला गणिताचे दोन पेपर आहेत, प्रत्येकी ४० मार्क आणि दोन तास.

आणि "माहीतच नव्हतं" जास्त असेल तर जरा मागे जावं लागेल. इथे परिस्थितीनुसार फरक पडतो, मी लांबून ठरवू शकत नाही. नववीत अडकलेल्या बऱ्याच मुलांचं मूळ सहावी-सातवीत असतं. त्याला सहज म्हणून विचारून बघा, उणे सात अधिक तीन किती, दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती. पहिल्याचं उत्तर उणे दहा आलं किंवा दुसऱ्याचं तीन सप्तमांश आलं (खरी उत्तरं उणे चार आणि अकरा बारांश), तर बहुपदी आणि रेषीय समीकरणं त्याला कुणीही शिकवली तरी चुकणारच. मग दिवाळीच्या सुट्टीत सातवीचं पुस्तक काढा, लाज वाटू देऊ नका, नववीचा मुलगा ते तीन आठवड्यांत संपवतो कारण आता त्याचं वय वाढलंय.

काही गोष्टी अभ्यासाच्या पलीकडच्या असतात त्याही तपासून घ्या. डोळे. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारच्याच्या वहीतून उतरवणारी मुलं नववीतही सापडतात. आणि लहानपणापासून वाचायला खूप वेळ लागत असेल, तोंडी छान सांगतो पण लिहिताना अक्षरं गाळतो, उलटसुलट करतो असं असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे आणि सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. ही प्रक्रिया वेळ खाते, दहावीच्या डिसेंबरात धावपळ करण्यापेक्षा नववीत केलेली बरी. मूल अलीकडे एकदम गप्प झालं असेल, मित्र तुटले असतील, जेवण कमी झालं असेल तर मार्कांचं बाजूला ठेवून आधी समुपदेशकाला भेटा.

झोपेबद्दल मी जरा आग्रहाने लिहिते. सकाळची शाळा म्हणजे तो पावणेसहाला उठत असणार आणि झोपतोय साडेअकरानंतर, म्हणजे जेमतेम सहा तास. १३ ते १८ वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय आणि आपले बालरोगतज्ज्ञही असंच सांगतात. दिवसभर शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. साडेनऊ ते साडेअकरा हे दोन तास तो जे डोळे ताणून वाचतोय ते बहुतेक कुठेही जात नाहीये आणि सकाळी शाळेत पहिले दोन तास पेंगतोय ते वेगळं नुकसान. मी तुमच्या जागी असते तर रात्रीचा अभ्यास पाऊण तासावर आणला असता, सव्वानऊ ते दहा, फक्त कोरा कागद आणि तीन चिठ्ठ्या, आणि साडेदहाच्या आत दिवा बंद. शनिवार-रविवारी दुपारी दोन तास जास्त. तीन तासांचे पाऊण तास केले म्हटल्यावर घरात विरोध होईल याची मला कल्पना आहे, पण दीड महिना करून बघा.

मोबाईल कायमचा काढून घेऊन भांडण वाढतं, शिवाय शाळेचे ग्रुप त्यावरच असतात. अभ्यासाच्या पाऊण तासात सगळ्यांचेच मोबाईल दुसऱ्या खोलीत, तुमचे आणि वडिलांचेही, एवढं ठरवा आणि पाळा.

वडिलांना एक काम द्या. त्यांना विषय येत नसला तरी चालेल. रोज जेवताना "अभ्यास झाला का" न विचारता "आज कागदावर लाल काय आलं" विचारायचं आणि तो सांगेल ते पाच मिनिटं ऐकायचं. सोसायटीतल्या दुसऱ्या मुलाचे टक्के त्या वेळात काढायचे नाहीत. या वयाची मुलं वडिलांनी ऐकून घेतलं की किती मोकळी होतात हे मी पालकसभेनंतरच्या आठवड्यात दरवेळी बघते.

आता क्लास. आत्ता वर्षाच्या मध्येच बदलू नका. धायरीहून डेक्कनला रोज जायचं म्हणजे सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन दीड तास सहज जातो आणि तो झोपेतूनच जाणार. सध्याच्या क्लासमध्ये जाऊन तीन गोष्टी बघा: बॅचमध्ये मुलं किती आहेत आणि तुमचा मुलगा शंका विचारतो का, चाचण्यांचे पेपर तपासून, चुका दाखवून परत देतात का, आणि फळ्यावर सोडवण्याआधी मुलांना स्वतः प्रयत्न करायला वेळ देतात का. तिन्हींची उत्तरं नाही असतील तर एप्रिलनंतर जरूर बदला, पण जवळचा, वीस-पंचवीस मुलांचा बघा, भिंतीवर टॉपरांचे फोटो किती आहेत त्यावरून ठरवू नका. आणि पेपर तपासून देणारा क्लास असेल तर सोडू नका.

पुढच्या घटक चाचणीत एकदम तीस मार्क पडतील असं धरून बसू नका. आधी समासातल्या त्या वाटणीत "आठवलं नाही" कमी होताना दिसेल, एकूण मार्क त्याच्या मागून हलतात, साधारण वार्षिकपर्यंत. रविवारी पेपर बघून झाले की चार कारणांचे आकडे मला इथेच सांगा, भूमितीचे आधी, म्हणजे सुरुवात कुठल्या प्रकरणापासून करायची ते नेमकं सांगता येईल.